नोकरी की संशोधन? सीमाभागातल्या एका विद्यार्थ्याला लांबलचक उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने प्रश्न विचारला आहे. शाळा मराठी माध्यमातली, आता बेळगावात व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या, एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष. त्याने तीन गोष्टी एका दमात विचारल्यात. या क्षेत्रात माणूस तीस-पस्तीस वर्षं टिकतो, की चाळिशीत त्याला बाजूला काढतात? नोकरी धरावी की एम.टेक., पीएच.डी. करून संशोधनात जावं? आणि एआयच कोड लिहायला लागलं असताना हे विचारण्यात काही अर्थ उरलाय का? इंग्रजीची भीती वाटते असंही लिहिलंय. शेवटी त्याने जोडलंय, ‘बेळगावात राहून यातलं काही होणार नाही हे मला माहीत आहे, मॅडम.’

हे शेवटचं वाक्य मला अजिबात मान्य नाही. खरं तिथवर पोचायला थोडं मागून यावं लागेल.

माझं थोडक्यात सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. इंजिनिअरिंग बेळगावातच झालं. तेव्हा इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. व्हीटीयू १९९८ चं. मग मुंबईत एम.टेक., पुण्यात कंपायलरवर नोकरी, त्यानंतर एका कंपनीच्या संशोधन विभागात बरीच वर्षं, आणि शेवटी शेवटी विस्कळीत नोंदी एकमेकींशी जुळवण्याचं काम. आता टिळकवाडीत राहते, जमेल तेवढं सल्ल्याचं काम करते. नोकरी आणि संशोधन, दोन्ही घाटांचं पाणी प्यायले आहे.

आधी टिकण्याचं. ‘चाळिशीनंतर प्रोग्रामरला कोण विचारतं’ हे मी विशीत असल्यापासून ऐकते आहे. केन थॉम्प्सनने १९६९ मध्ये युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली लिहायला घेतली तेव्हा तो २६ वर्षांचा होता. १९९२ मध्ये, ४९ व्या वर्षी, रॉब पाइकबरोबर जेवायला गेला असताना टेबलावरच्या कागदावर त्याने यूटीएफ-८ ची रचना मांडली. आज तू मोबाइलवर मराठीत जे काही टाइप करतोस ते बहुतांश याच पद्धतीने साठवलं जातं. २००७ मध्ये गो या प्रोग्रामिंग भाषेची जुळवाजुळव सुरू झाली तेव्हा तो साठी ओलांडून गेला होता. तो असामान्य माणूस, हे कबूल. पण अगदी साधे, कुणाला नाव माहीत नसलेले लोकही पन्नाशीनंतर उत्तम कोड लिहिताना मी पाहिलेत. गळाले ते वयामुळे कमी आणि एकाच अवजाराला चिकटून राहिल्यामुळे जास्त.

हे नेमकं कसं होतं ते एका उदाहरणाने सांगते. नव्वदच्या सुरुवातीला पुण्यात ट्रान्सप्युटर, म्हणजे अनेक एकत्र जोडून काम करून घेता येणारी चिप, हा परवलीचा शब्द होता. १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था स्थापन झाली, १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला, आणि त्याच्या पोटात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या या चिप्स होत्या. त्यांच्यासाठी ऑकम नावाची भाषा होती. मी त्या संस्थेत नव्हते, पण ट्रान्सप्युटरचे बोर्ड आमच्याकडेही आले होते आणि ऑकम येणाऱ्याला तेव्हा भाव होता. थोड्याच वर्षांत चिप गेली, कंपनीचं नावही गेलं, भाषाही गेली. ऑकमचं व्याकरण पाठ केलेले लोक निमूटपणे दुसऱ्या भाषेच्या क्लासला बसले. मात्र ऑकमच्या मुळाशी ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअरची १९७८ ची मांडणी होती: दोन प्रक्रियांनी एकच मेमरी वाटून घेऊन भांडत बसण्यापेक्षा मधल्या वाहिनीतून निरोप द्यावा-घ्यावा, आणि देणारा-घेणारा दोघेही तयार असतील तेव्हाच व्यवहार व्हावा. ही मांडणी ज्यांनी मुळापासून समजून घेतली होती, कोण कोणाची वाट बघत अडकून बसेल हे ज्यांना कागदावर आकृती काढून सांगता येत होतं, त्यांना २००९ मध्ये गो भाषा बाहेर आली तेव्हा फारसं नवीन काही शिकावं लागलं नाही. त्या वाहिन्या तिथे तशाच होत्या.

म्हणून माझा सल्ला असा की ज्या थरावर काम करतोस त्याच्या एक थर खालचं नीट माहीत असू दे. दहा थर खाली जायची गरज नाही. सिलिकॉनचं भौतिकशास्त्र मलाही येत नाही. एक थर पुरतो.

इथलंच उदाहरण घे. आपल्याकडे गल्लोगल्ली सोसायट्या आहेत आणि पिग्मी गोळा करणारे एजंट आहेत. (पिग्मी ही कल्पना कर्नाटकातल्याच सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये काढली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.) अशा एका सोसायटीचं सॉफ्टवेअर माझ्याकडे तपासायला आलं होतं, व्याजाचे पैसे जुळेनात, दर महिन्याला काही पैशांचा फरक. लिहिणाऱ्या मुलाने रक्कम दशांश अपूर्णांकात, म्हणजे फ्लोटमध्ये, ठेवली होती. त्याची समजूत अशी की ०.१ म्हणजे ०.१. मशीनच्या आत मात्र हा आकडा दोनच्या घातांत लिहायचा असतो आणि तिथे तो कधीच पूर्ण बसत नाही. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे चालणाऱ्या कुठल्याही मशीनवर नेहमीच्या ६४ बिटांच्या अपूर्णांकात ०.१ दहा वेळा मिळव. एक येत नाही, ०.९९९… येतं, आणि ‘एक रुपया पूर्ण झाला का?’ असं विचारलंस तर ‘नाही’ असं उत्तर येतं. उपाय पाच मिनिटांचा: सगळा हिशेब पूर्णांकात, पैशांत ठेवायचा, आणि व्याजाचं गोल करणं कुठल्या टप्प्यावर हे एकदाच ठरवायचं. तो मुलगा हुशार होता, वेबसाइट झकास केली होती. एक थर खाली कुणी नेलं नव्हतं, इतकंच.

असंच आणखी एक प्रकरण तुझ्या वाट्याला येणार आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणाऱ्या यंत्रणांचं मीटर १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतं, आणि पुढच्या सेकंदाला तारीख १९०१ सालात जाते. नवे संगणक ६४ बिटांचे आहेत, त्यांची चिंता नाही. जुने कंट्रोलर, मीटर, कारखान्यातल्या पेट्या यांच्या आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. तू तेव्हा पस्तिशीच्या आसपास असशील. वाय-टू-के ने, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळाने, आमच्या पिढीला जशी कामं दिली तशी यानेही काही जणांना मिळतील.

आता संशोधन. कॉलेजात याबद्दल फार धूसर कल्पना असते. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, त्यावर पैसे भरून छापलेला ‘पेपर’, एक रंगीत प्रमाणपत्र. याला संशोधन म्हणू नकोस. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलमधला पेपर अर्जाला जोडलास, तर तो उघडायच्या आधीच जाणकार माणसाचं तुझ्याबद्दल मत बनतं, आणि ते चांगलं नसतं.

माझ्या लेखी फरक एवढाच आहे. नोकरीत प्रोग्राम चालला की काम संपलं. संशोधनात तो का चालला, कुठे चालणार नाही, आणि आधीच्या पद्धतींपेक्षा नेमका किती बरा आहे, हे तिऱ्हाइताला स्वतः तपासता येईल अशा रीतीने लिहून दिल्यावर काम संपतं. म्हणजे दोन्ही एकाच प्रश्नातून निघू शकतात. मी ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शिकले ते लोक दिवसा गिऱ्हाइकाची तक्रार मिटवायचे, आणि तक्रार मिटल्यावरही त्यांना तो प्रश्न सोडून देववत नसे. कंपनीच्या संशोधन विभागाबद्दल फार गुलाबी चित्र मात्र रंगवू नकोस. तिथे केलेल्या बहुतेक कामाचं उत्पादन होत नाही, मधेच धोरण बदलतं, आणि खर्च कमी करायचा ठरला की पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. विद्यापीठात हा त्रास कमी, पण तिथे प्रश्न इतके साफसूफ करून घेतलेले असतात की खऱ्या जगातली घाण त्यात उरत नाही. आणि मजा त्या घाणीतच असते.

तर अशी घाण बेळगावात कुठे आहे ते सांगते, कारण ‘इथे राहून काही होणार नाही’ याला माझं उत्तर तेच आहे.

नावं.

तुझ्या तालुक्यातली कुठलीही शेती सोसायटी घे. सभासदांचं रजिस्टर मराठीत, कित्येक वर्षांचं, हातचं लिहिलेलं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, कारण कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ योजनेत तो संगणकावर आला तो कन्नडमध्ये. आधारवर कन्नड आणि इंग्रजी. बँकेचं पासबुक इंग्रजीत. माणूस एकच, नाव चार ठिकाणी चार तऱ्हेचं. कर्ज मंजूर करताना, विम्याची भरपाई आली की, वारसा लावताना, प्रत्येक वेळी सेक्रेटरी चष्मा पुसून ठरवतो की हा कल्लाप्पा तोच कल्लाप्पा. माझ्याकडे अशाच एका जुळवणीचं काम आलं आणि माझ्या कारकिर्दीतल्या सगळ्यांत सुरस प्रश्नांपैकी एक घराजवळ सापडला.

पहिल्यांदा वाटतं, हे तर सोपं. भारतीय लिप्यांचं सांकेतिकीकरण करताना आपल्या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. १९८८ च्या आणि नंतर १९९१ च्या इस्की मानकात सगळ्या ब्राह्मीकुळातल्या लिप्यांची अक्षरं एकाच क्रमाने लावली, आणि जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने तीच मांडणी उचलली. प्रत्येक लिपीला १२८ जागांचा पट्टा. देवनागरीनंतर सातवा पट्टा कन्नडचा, म्हणजे अंतर सात गुणिले १२८, ८९६. देवनागरी ‘क’ चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’ चा ३२२१. ‘ळ’ २३५५, कन्नड ‘ळ’ ३२५१. प्रत्येक अक्षरात ८९६ मिळव, मराठी नाव कन्नड लिपीत. वजा कर, परत मराठीत. एका ओळीचा प्रोग्राम. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढ्यावर पूर्ण गुण मिळतील.

मग खरी यादी टाकायची आणि बघत बसायचं. ‘ऑ’ चा क्रमांक २३२१. त्यात ८९६ मिळवले की ३२१७ येतात, आणि कन्नडच्या पट्ट्यात ती जागा रिकामी आहे; पडद्यावर चौकोन दिसतो. ‘बॅ’ मधल्या अर्धचंद्राची तीच गत. ‘कऱ्हाडकर’ मधला ‘ऱ’ पलीकडे गेला की हळेगन्नडमधलं, म्हणजे जुन्या कन्नडमधलं, आज वापरात नसलेलं अक्षर होतो. उलट दिशेनेही तेच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे. आपल्या गावाचं सरकारी नाव कन्नडमधून वजाबाकी करून आणलं तर ‘बॆळगावि’ असं येतं. मात्रा नीट बघ. डोळ्याला किंचित विचित्र दिसते, माणूस वाचून पुढे जातो. मशीनच्या दृष्टीने ‘बॆ’ आणि ‘बे’ यांचा काही संबंध नाही. शेवटची ‘वि’ ऱ्हस्व, आपल्याकडे शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ. निपाणीचं ‘निप्पाणि’, चिकोडीचं ‘चिक्कोडि’.

हे झाले लिपीचे प्रश्न. यांचे नियम बसवता येतात. पुढे माणसं येतात. ‘पाटील’ कन्नडमध्ये शेवटी पाय मोडून लिहिलेला आणि न मोडता लिहिलेला, दोन्ही सापडतो. कल्लाप्पा, कल्लप्पा, कल्लापा. यल्लाप्पाचं तेच. मराठी रजिस्टरात नाव, वडील, आडनाव असा क्रम. दुसरीकडे आडनाव आधी किंवा वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. इंग्रजीत पाटीलचं स्पेलिंग कुणी एका आयने करतो, कुणी दोन ईंनी. घरात आजोबा आणि नातू एकाच नावाचे, त्यामुळे नाव हुबेहूब जुळलं तरी माणूस तो नसतोच.

इथे तुझ्या आधी कोण कोण येऊन गेलंय ते शोधायचं, आणि इथूनच संशोधन सुरू होतं. अमेरिकेत रॉबर्ट रसेलने साउंडेक्सचं पेटंट १९१८ मध्ये घेतलं: नाव जसं ऐकू येतं तसं एक अक्षर आणि तीन आकड्यांत बसवायचं. इंग्रजी आडनावांसाठी केलेली ती युक्ती आपल्या जोडाक्षरांना लावली की सगळे एकाच खुराड्यात जातात. व्लादिमिर लेव्हेनश्टाइनने १९६५ मध्ये दोन शब्दांतलं अंतर मोजायची पद्धत दिली: किती अक्षरं बदलली, घातली, काढली की एकाचा दुसरा होतो. उपयोगी आहे, पण तिला ‘ल’ चा ‘ळ’ होणं आणि ‘ल’ चा ‘ख’ होणं सारखंच वाटतं. आपल्याला पहिलं जवळजवळ फुकट हवं आणि दुसरं महाग.

मला खरी दिशा मिळाली ती कॅनडाच्या सांख्यिकी खात्यातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांच्या १९६९ च्या मांडणीतून. ते म्हणतात, जुळणी झाली की नाही एवढ्यावर थांबू नका, त्या जुळणीला वजन द्या. समजा एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील तर आडनाव जुळण्याची शक्यता दहात नऊ आहे. आणि समजा तालुक्यात दर दहांत एक पाटील आहे, म्हणजे कुणीही दुसरा माणूस उचलला तरी तो पाटील निघण्याची शक्यता दहात एक. भागाकार ९. आता एखादं आडनाव हजारात एकाचं असेल तर भागाकार ९००. दोनच्या लॉगरिदममध्ये पहिल्याचं वजन तीनच्या आसपास, दुसऱ्याचं दहाच्या आसपास. वडिलांचं नाव, गाव, सर्व्हे नंबर, सगळ्यांची अशी वजनं काढायची आणि बेरीज करायची. वरच्या रेषेच्या पुढे गेलं तर जुळलं, खालच्या रेषेच्या आत राहिलं तर नाही, मधलं सगळं सेक्रेटरीच्या टेबलावर. जुने सेक्रेटरी डोक्यात हेच करत असतात. ‘पाटील आहे म्हणून काय झालं, गावात निम्मे पाटीलच’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला तो निबंध आठवला.

अडचणी इथे संपत नाहीत. एका बाजूला ५,००० नावं, दुसऱ्या बाजूला ८,००० असतील तर जोड्या चार कोटी होतात. म्हणून आधी गावावरून किंवा सर्व्हे नंबरावरून गट पाडायचे. पण गावाचं नावच चुकीचं लिहिलेलं असेल तर खरी जोडी वेगवेगळ्या गटांत जाते आणि पुन्हा कधी भेटत नाही. मग पद्धत किती बरोबर हे कसं सांगणार? त्यासाठी हजारेक जोड्या दोन माणसांनी, एकमेकांचं न बघता, हाताने ठरवायच्या. त्या दोघांचंच किती जमत नाही ते आधी मोजायचं, आणि नुसती टक्केवारी न देता योगायोगाने जमलेलं वजा करून. कोहेनने १९६० मध्ये यासाठी सूत्र दिलंय. इथली दोन जाणती माणसंच काही जोड्यांवर एकमेकांशी भांडतात, तेव्हा प्रोग्रामकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा करणं चुकीचं, हे सोसायटीच्या चेअरमनला समजावणं सगळ्यांत कठीण गेलं. त्याहून महत्त्वाचं, दोन प्रकारच्या चुका सारख्या नसतात. जोडी हुकली तर माणूस एक हेलपाटा जास्त घालतो. चुकीची जोडी लागली तर एकाचं कर्ज दुसऱ्याच्या उताऱ्यावर चढतं. रेषा कुठे ओढायची हे गणित सांगत नाही, हा फरक सांगतो.

हे सगळं बंगळूरूच्या काचेच्या इमारतीतून दिसत नाही. तिथल्या माणसाला मराठी येत नाही किंवा कन्नड येत नाही, आणि बहुधा पिग्मी एजंट कधी भेटलेला नसतो. तुला घरात मराठी, ऑफिसात कन्नड, कॉलेजात इंग्रजी आणि मोबाइलवर हिंदी. सीमाभागात जन्मल्याची कटकट म्हणून आपण ती मोजतो. या प्रश्नाला मात्र तीच लागते.

दुसरी जागा उद्यमबाग, ही बेळगावची औद्योगिक वसाहत. तिथली संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारी यंत्रं, म्हणजे व्हीएमसी आणि सीएनसी लेथ, ज्या जी-कोडवर चालतात त्याची मुळं १९५० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या न्यूमेरिकल कंट्रोलच्या कामात आहेत. धातू कापणाऱ्या टोकाला इन्सर्ट म्हणतात. एका शॉपच्या मालकांनी मला सांगितलं, “इन्सर्ट मोडायच्या आधी आवाज बदलतोय बघा मॅडम, खरं कुठल्या जॉबला बदलणार ते सांगाय येत न्हाई.” स्पिंडलच्या मोटरचा करंट सेकंदाला ठरावीक वेळा मोजून इन्सर्ट कितपत झिजलाय याचा अंदाज बांधणं हा जगभर चाललेला संशोधनाचा विषय आहे. पाठ्यपुस्तकातला डेटा एकाच धातूचा, एकाच वेगाचा असतो. इथे सकाळी कास्टिंग, दुपारी स्टील, आणि फौंड्रीतून आलेला माल कधी कडक कधी मऊ. ज्याला ऑपरेटरशी बोलता येतं त्याला चांगला डेटा मिळतो, बाकीच्यांना कंट्रोलरच्या कंपनीने दिलेली फाइल मिळते.

एआयबद्दल थोडक्यात सांगते, कारण यावर सगळेच बोलतात. न्यूरल नेटवर्क शिकवायची बॅकप्रोपगेशनची पद्धत १९८६ मध्ये गाजली, मग बरीच वर्षं थट्टेचा विषय झाली. २०१२ मध्ये टोरांटोच्या लोकांनी दोन गेमिंग कार्डांवर चित्रं ओळखून दाखवली तेव्हा चित्र पालटलं, आणि २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही आजच्या मॉडेल्सच्या मुळाशी असलेली रचना आली. आज ही मॉडेल्स तुझ्यापेक्षा वेगाने कोड लिहितात, माझ्यापेक्षाही. सांगितलेलं टाइप करून देणं एवढंच ज्यांचं काम होतं त्यांची पंचाईत होणार, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वरच्या नावांच्या यादीवर मी मॉडेल वापरून बघितलं. नियम सुचवायला ते फार चांगलं. निवाडा द्यायला वाईट. तीच जोडी दोनदा विचारली तर दोन उत्तरं, आणि दोन्ही ठाम. शिवाय यूटीएफ-८ मध्ये ‘बेळगाव’ हा शब्द १८ बाइटांचा होतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. इंग्रजी अक्षराला एक. बहुतेक मॉडेल्स मराठी शब्दाचे जास्त तुकडे करतात, म्हणजे तेच काम आपल्या भाषेत महाग पडतं आणि जास्त चुकतं. हे कमी कसं करायचं हाही संशोधनाचाच विषय आहे, आणि त्यावर काम करणारे मराठी भाषक फार नाहीत.

आता तुझ्या निर्णयाकडे येते. घरावर कर्ज असेल, वडील थकले असतील, तर आधी नोकरी घे. त्यात कमीपणा काही नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेचा निकाल तीन वर्षं चालतो, तेव्हा ती आताच देऊन ठेव, अभ्यास ताजा आहे. एम.टेक.ला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, त्यात घर चालत नाही, एकट्याचं भागतं. पीएच.डी.ची फेलोशिप २०२३ पासून सुरुवातीला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. कोर्सवर्कच्या नेहमीच्या एम.टेक.पेक्षा बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं संशोधनाचं एम.टेक. किंवा मद्रास आयआयटीचं संशोधनाचं एम.एस. हा मधला रस्ता मला जास्त आवडतो. संशोधन आपल्याला झेपतं का हे कळतं, आणि नाही झेपलं तर हातात पदवी असते. गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ आणि विचार, सर भेटतात का, मसुदा वाचून परत देतात का. पीएच.डी. बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

इंग्रजीची भीती वाटते असं लिहिलंयस. बोलण्याची भीती सहा महिन्यांत जाते. लिहिण्यावर मात्र मेहनत लागते, आणि ती मराठी माध्यमवाल्यांइतकीच इंग्रजी माध्यमवाल्यांनाही लागते; त्यांना ते उशिरा कळतं. छोटी वाक्यं लिही, आकडा असेल तर विशेषण काढून टाक. वाचायला आता अडचण नाही. एनपीटीएल, म्हणजे आयआयटींच्या व्याख्यानांचा मोफत साठा, २००३ पासून आहे. एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेने १९५१ ते २००० चे सगळे निबंध २०२२ मध्ये फुकट खुले केले. आमच्या वेळी एका निबंधाच्या झेरॉक्ससाठी पुण्या-मुंबईच्या लायब्ररीत ओळख काढावी लागायची. निबंध वाचताना प्रस्तावनेत रमू नकोस. आधी तक्ते बघ, कशाशी तुलना केलीय ते बघ, मग पद्धत वाच. ज्या पद्धतीशी तुलना करायला हवी होती तिच्याशी केलेलीच नाही, असं जाणवायला लागलं की तुला वाचता यायला लागलं.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला अजून विषय ठरला नसेल तर नावांचाच घे. मार्गदर्शक सरांची सही असलेलं पत्र घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना भेट, आणि यादी मागायच्या आधी त्यांच्या शेजारी बसून ते हाताने कसं जुळवतात ते बघ. यादी मिळाली तर रकमा, आधार क्रमांक आणि फोन नंबर त्यांच्याच ऑफिसात काढून टाकून मगच पेनड्राइव्हवर घे. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झालाय आणि गावात बभ्रा व्हायला कायद्याचीही गरज लागत नाही. लेखी परवानगी घे. ती यादी कुठल्याही ऑनलाइन मॉडेलमध्ये चिकटवू नकोस. पहिल्या दोनशे जोड्या स्वतः हाताने लाव, आणि कुठे अडलास ते वहीत लिहून ठेव. दिवाळीच्या सुट्टीत बेळगावात असशील तर ती वही घेऊन ये, लॅपटॉप नाही आणलास तरी चालेल.